बर्फाच्या गाडीची फौजदारीण

गाडीस्टँडवर सगळे तिला फौजदारीण म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर 'बाई'. पण तिला ते ठाऊक होतं. तिला सगळंच ठाऊक असे, निदान तिची तशी समजूत होती. आणि जे ठाऊक नसे त्याचा संशय असे.

वय बावन्न. अंगाने काटक, हात मनगटापर्यंत काळे आणि वर गोरे, आवाज असा की गल्लीच्या या टोकाला 'अहो' म्हटलं की त्या टोकाचा नवरा सुईत दोरा ओवायचा थांबे. एकवीस वर्षांची निळी पिकअप ती स्वतः चालवी. रस्ता विचारायची वेळ आली तर दोघांना विचारी, आणि दोघांनी एकच रस्ता सांगितला तर हे ठरवून आलेत म्हणे. चहाचा पेला हातात आला की आधी तळ बघे. गाडीत जे जे उघडतं त्या सगळ्याला कुलूप. हत्यारांच्या पेटीला कुलूप, स्टेपनीला साखळी, डिझेलच्या टाकीला लेथवाल्याकडून मुद्दाम करून घेतलेलं पितळी झाकण आणि त्यालाही कुलूप. किल्ल्यांचा जुडगा कमरेला. ती चालली की आधी जुडगा ऐकू येई, मग ती दिसे.

हेच सगळं एखाद्या पुरुषाने केलं असतं तर लोक म्हणाले असते, माणूस व्यवहाराला पक्का आहे. बाईने केलं म्हणून फौजदारीण. असो.

संशय तिला जन्मतः नव्हता. तो तिने कष्टाने कमावला होता. ही पिकअप तिने जुनी घेतली तेव्हा विकणारा गृहस्थ फार गोड बोलत होता. गिअर लोण्यासारखे पडत होते, आवाज नाही की कुरकुर नाही. तिने घेतली, आणि महिन्याभरात गिअरबॉक्स दगड दळल्यासारखा वाजायला लागला. स्टँडच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने खाली झोपून नट सोडला, तेल परातीत घेतलं, बोटांनी चोळलं आणि बोटं तिच्या नाकापुढे धरली.

"काय दिसतंय, बाई?"

"भुसा."

"लाकडाचा. आवाज मारायला घालतात. तुम्हाला फसवलं."

तेव्हापासून दोन गोष्टी झाल्या. तिचा माणसांवरचा विश्वास उडाला, आणि या एका माणसावर बसला. सतरा वर्षं तिने दुसऱ्या कुणाला बॉनेटला हात लावू दिला नाही. मिस्त्री बुटका, टकलू, कानाला कायम पेन्सिल. बोलायला कमी, आणि बोलला तर टोचून. त्याच्यावरही ती नजर ठेवी, पण ती सवय म्हणून. हेडकॉन्स्टेबल घरी जेवतानासुद्धा बायकोच्या वाटीकडे बघतो, तसं.

आणि आता त्याच मिस्त्रीवरची तिची मर्जी उडाली होती.

तिचं काम बर्फाचं. गावाबाहेरच्या बर्फ कारखान्यातून साडेअकराला लाद्या भरायच्या, खाली गोणपाट, वर भुसा, त्यावर ताडपत्री, आणि एक वाजायच्या आत मासळीबाजारात पोचवायच्या. दीडला होड्या लागतात. होड्या लागल्या आणि बर्फ नसला तर मासळी उन्हात पडते, आणि मासळीवाल्या बाया बर्फवाल्याच्या सात पिढ्यांना उन्हात पाडतात. रस्ता सव्वा तासाचा. बारा वर्षं ही फेरी तिची होती. बाकी भाडी मिळाली तर मिळाली. ही फेरी म्हणजे तिचं घर.

उन्हं तापायला लागली त्याच आठवड्यात गाडी बंद पडायला लागली. निघताना झकास. अर्धा-पाऊण तास पळाली, इंजिन चांगलं तापलं, की चढावर दम तुटल्यासारखी करी, दोन आचके देई आणि गप्प. ती बॉनेट उघडून ठेवी, टाकीचं झाकण उघडून वेताची खाचा पाडलेली काठी बुडवून डिझेल मोजी, कारण उभ्या गाडीतून चोरी होते हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग सावलीत बसून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाकडे रोखून बघे. वीस मिनिटांनी स्टार्टर मारला की थोडी खोकून गाडी चालू. "गार झाली की चालते," असं तिने मिस्त्रीला सांगितलं. मिस्त्रीनेही तेच धरलं.

त्याने डिझेल फिल्टर बदलला. पंपावर ओलं फडकं गुंडाळून दिलं. नोझल काढून साफ केले. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये गाडी तासन् तास चालू ठेवली. एकदा तर तीन तास, रेडिएटरपुढे पुठ्ठा लावून, मुद्दाम तापवून. गाडी शहाण्या लेकरासारखी चालत राहिली. आणि दुसऱ्या दिवशी चढावर गप्प.

कारखान्याच्या भिडस्त मॅनेजरने नजर चुकवत सांगितलं, "बाई, पाच वेळा उशीर झाला. मासळीबाजारातून रोज फोन येतोय. शनिवारपर्यंत बघतो. शनिवारी वेळेत पोचली नाही तर सोमवारपासून मला दुसरी गाडी लावावी लागेल."

"दुसरी गाडी तयार आहे वाटतं?"

मॅनेजर खिडकीबाहेर बघायला लागला. बस. तिला तेवढं पुरे होतं.

घरी नवरा ताडपत्री शिवत बसला होता. त्याचा धंदाच तो. गाड्यांच्या ताडपत्र्या, हूड, सीटकव्हरं. मशिनच्या तालावर बोलायची त्याला सवय, त्यामुळे वाक्य शिवणीबरोबर थांबे आणि शिवणीबरोबर सुरू होई.

"अहो, ऐकताय का? गाडी त्याच्या गॅरेजात तीन तास चालते आणि माझ्या हातात पाऊण तास. याचा अर्थ काय?"

"गाडीला तू आवडत नाहीस."

"थट्टा नको. त्याच्या जावयाने नवी पिकअप घेतलीय. पांढरी. दोन महिने रिकामी उभी असते. कळलं?"

मशिन थांबलं. "म्हणजे मिस्त्री मुद्दाम बिघडवतो?"

"गॅरेजातून निघताना काहीतरी सैल करून ठेवतो. त्याशिवाय हे होणं नाही."

"तू तर सगळा वेळ त्याच्या उरावर बसलेली असतेस. डोळ्यांत तेल घालून."

"डोळे दोनच आहेत."

"आणि डिझेल?" नवऱ्याने विचारलं. "रोज काठी बुडवतेस. कमी भरलं कधी?"

"नाही."

"मग चोरी होत नाही."

"किंवा चोर मोजून परत ओततोय," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊनही तिने ते मागे घेतलं नाही. बोललेला शब्द परत घ्यायची तिला सवय नव्हती. नवऱ्याने मशिन चालू केलं आणि शिवणीच्या आवाजात हसू बुडवलं.

शुक्रवारी सकाळी ती स्टँडवर गेली. सकाळच्या चहाला सगळे गाडीवाले जमतात. दहा-बारा जण, बाकड्यावर, बॉनेटवर, जमेल तिथे. मिस्त्री पेल्यात टोस्ट बुडवत होता. तिने त्याच्यासमोर उभं राहून जुडगा मुठीत आवळला.

"जावयाला बर्फाची फेरी हवीय ना?"

मिस्त्रीचा टोस्ट पेल्यात तुटून पडला. "काय?"

"सरळ विचार ना. गाडी कशाला बिघडवतोस? सतरा वर्षं तुझ्याकडे येतेय. चोराला घर दाखवलं मी!"

सतरा वर्षांत ती त्याला कधी अरे-तुरे करून बोलली नव्हती. हे सगळ्यांच्या लक्षात आलं, म्हणून कुणी हसलं नाही. मिस्त्रीने पेला खाली ठेवला. त्याचं टक्कल लाल झालं होतं.

"बाई, तुम्ही फेरी मागता?" त्याने विचारलं.

स्टँडवर याला अर्थ होता. कुठेही कागदावर नसलेला, पण कुणीही न मोडलेला नियम होता: गाडीवाल्याने मिस्त्रीच्या कामावर आळ घेतला तर मिस्त्रीने त्याच्या गाडीत बसून एक भरलेली फेरी करायची. खोट मिस्त्रीची निघाली तर स्टँडवरची एकही गाडी त्याच्याकडे जाणार नाही. खोट त्याची नसली तर आळ घेणाऱ्याने असाच सकाळी, असाच चहाच्या वेळी, सगळ्यांच्या समोर तोंडाने मागे घ्यायचा. या नियमापायी एक जण गाव सोडून गेला होता, आणि तो मिस्त्री नव्हता.

"मागते," ती म्हणाली. "उद्या. साडेअकरा."

शनिवारी ऊन असं होतं की कारखान्याच्या धक्क्यावरच लाद्यांना पाझर फुटला होता. मिस्त्री कापडी पिशवीत चार पाने, एक स्क्रूड्रायव्हर आणि पाण्याची बाटली घेऊन आला. तिने आधी पिशवी मागितली. उलटीपालटी करून बघितली.

"खिसे पण दाखवू?"

"दाखवा," म्हणता म्हणता तिने "दाखव" म्हटलं.

त्याने दाखवले. एका खिशात पेन्सिलीचा तुकडा, दुसऱ्यात बडीशेपेची पुडी. पुडीसुद्धा तिने हुंगली.

निघायच्या आधी तिने टाकी काठोकाठ भरून घेतली होती. गाडी बंद पडायला लागल्यापासून तिचा तो नेम होता. टाकी भरलेली असली की कमी झालेलं लगेच कळतं. झाकण लावलं, कुलूप घातलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

  रस्त्याला लागताच तिने आरसा असा वळवून घेतला की मागचा रस्ता न दिसता मिस्त्रीचे हात दिसावेत. मिस्त्रीने ते पाहिलं आणि दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. विटांच्या भट्ट्या गेल्या, पूल गेला. मागून बर्फाचं पाणी हौद्याच्या फटीतून ठिबकत होतं, रस्त्यावर ओळ उमटत होती आणि क्षणात वाळत होती. तिला कधी नव्हे ते वाटलं, बंद पडूच नये. आणि लगेच वाटलं, पडायलाच हवी; नाहीतर हा म्हणेल बघा, मी बसलो तर चालली. बंद पडली नाही तरी तिचीच फजिती, पडली तरी फेरी जाणार. अशा कात्रीत तिने स्वतःला स्वतःच्याच हाताने आणून ठेवलं होतं, आणि त्याचाही राग तिने मिस्त्रीवर काढला, मनातल्या मनात.

पुलापुढचा चढ लागला. गाडीने पहिला आचका दिला.

"आली," मिस्त्री म्हणाला.

दुसरा आचका. इंजिन गप्प. तिने गाडी कडेला घेतली, ब्रेक लावला, मागच्या चाकाला दगड लावला. बारा वाजून आठ मिनिटं. मिस्त्रीने उडी मारून बॉनेट उघडलं आणि फिल्टरच्या डोक्यावरच्या हातपंपावर तळवा ठेवला. हा एक छोटा दट्ट्या असतो. डिझेल ओढायला हाताने दाबायचा, की तो स्वतःच वर येतो. मिस्त्रीने दाबला. दट्ट्या आत गेला, आणि आतच बसला. वर येईना.

"बाई, हा बघा. हा वर येत नाहीये. पुढे डिझेल येतच नाही, मागून कुणीतरी ओढून धरलंय."

ती बघायला थांबली नव्हती. ती सवयीप्रमाणे बाजूला, टाकीपाशी होती. कुलूप काढलं होतं, झाकण फिरवत होती. झाकण सुटताना नेहमीसारखी फुस्स झाली आणि टाकीचा पत्रा डब् करून वाजला. उन्हाने गॅस झालाय, असं तिला रोजच वाटे. तिने काठी बुडवली.

"काय केलंत?"

मिस्त्रीचा आवाज बदलला होता. ती दचकली. "काय केलं? मोजतेय. तू काय केलंस ते बोल."

"आत्ता. आत्ता या क्षणी काय केलंत? दट्ट्या माझ्या तळव्याखाली आपोआप वर आला."

"झाकण उघडलं."

तो बॉनेटमागून बाहेर आला. झाकणाकडे बघितलं. हात पुढे केला. तिने झाकण मुठीत लपवलं.

"नुसतं बघतो."

"लांबून बघ."

"उलटं करा." तिने उलटं केलं. आत जाड काळं रबर, गुळगुळीत पितळ. मिस्त्रीने डोळे बारीक केले. "भोक कुठाय?"

"कसलं भोक?"

"हवेचं. डिझेल जितकं खाली जाईल तितकी हवा आत यायला पाहिजे. नाहीतर टाकी आतून ओढून धरते. पंपाने किती ओढायचं? दहा मिनिटं, वीस मिनिटं, मग हात टेकतो. त्यात तुम्ही टाकी काठोकाठ भरलेली, आत हवाच नाही, म्हणजे आणखी लवकर." तो बोलता बोलता थांबला आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. "माझ्याकडे आलात की तुम्ही सगळ्यांत आधी झाकण काढता. माझ्यासमोर काठी बुडवता. मी चोरीन म्हणून झाकण उघडंच ठेवता, आणि शेवटी परत मोजून लावता. गॅरेजात ती बंद पडणारच कशी?"

 तिने मान ताठ ठेवली. किती सोयीस्कर. बरोबर तिच्यासमोर, बरोबर आज, सगळा दोष तिच्या झाकणावर. दट्ट्या वर आला हे त्याने सांगितलं. तिने पाहिलं होतं थोडंच?

"हे तुला आजच सुचलं?"

"झाकणाला भोक असतंच, बाई. नसेल असं डोक्यातच येत नाही. चाकं गोल आहेत का हे कुणी तपासतं?" त्याने पटापट दट्ट्या दाबायला सुरुवात केली. "बारा वाजून तेरा झालेत. झाकण लावू नका. फडक्याचा सैल बोळा घाला आणि चला."

"टाकी उघडी ठेवून? रस्त्यात कुणी काय टाकेल!"

"चालत्या गाडीत? चोर काय उडत येणार?"

हौद्यातून पाण्याची धार आता सरळ लागली होती. तिने एकदा धारेकडे बघितलं, एकदा मिस्त्रीच्या काळ्या हातांकडे. मग सीटखालचं फडकं काढलं, चुरगाळलं आणि टाकीच्या तोंडात कोंबायला गेली.

"सैल!" मिस्त्री ओरडला.

तिने सैल कोंबलं. झाकण मात्र त्याच्याकडे न देता मांडीवर घेऊन बसली. स्टार्टर मारला. गाडी खोकली, धुराचा एक लोट सोडला आणि लागली.

चढ संपला, उतार लागला, बाजाराचा फाटा आला. ती कान टवकारून पुढच्या आचक्याची वाट बघत होती. आचका आला नाही. बारा अठ्ठावन्नला गाडी मासळीबाजाराच्या फाटकात शिरली. एका मासळीवाल्या बाईने टोपली खाली ठेवून कमरेवर हात ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं बाई, आज सूर्य कुठून उगवला? बर्फ आणि वेळेवर!"

एरवी फौजदारिणीने तिला जन्माची अद्दल घडवली असती. आज ती नुसती लाद्या उतरवत राहिली.

कारखान्यात परत आल्यावर मॅनेजरने सुस्कारा सोडला. "वाचलात. आणि मीही वाचलो. तो मुलगा रोज फोन करून डोकं खात होता."

"कोण मुलगा?"

मॅनेजरला बोलून चुकल्याचं कळलं, पण आता उशीर झाला होता. "मिस्त्रीचा जावई. पांढरी गाडीवाला."

मिस्त्री बाहेर गाडीजवळ बडीशेप खात उभा होता. ती बाहेर आली, त्याच्याकडे एक कटाक्ष टाकला आणि त्याला स्टँडवर आणून सोडलं. उतरताना मिस्त्री म्हणाला, "झाकणाचं काय म्हणता?"

"बघू," ती म्हणाली.

म्हणजे जावयाचं खरं होतं. मग बाकीचं खोटं कसं असेल? रात्रभर तिने हे उलटसुलट फिरवलं. सकाळी नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, "माझं अर्धं बरोबर निघालंय." नवरा म्हणाला, "कुठलं अर्धं, ते बघ आधी."

रविवारी फेरी नसते. तिने टाकी काठोकाठ भरली, पितळी झाकण घट्ट लावलं, कुलूप घातलं आणि रिकामी गाडी घेऊन एकटीच निघाली. मिस्त्री नाही, पिशवी नाही, कुणाचे हात आरशात नाहीत. बॉनेटला शनिवारनंतर कुणी शिवलं नव्हतं. रात्री तिने त्याच्यावर चिकटपट्टी लावून ठेवली होती, आणि ती तशीच होती. त्याच रस्त्याने, त्याच वेगाने. बत्तिसाव्या मिनिटाला, सपाट रस्त्यावर, पहिला आचका.

ती उतरली. बॉनेट उघडलंच नाही. इंजिन गार व्हायला एक मिनिटही दिलं नाही. कुलूप काढलं आणि झाकण सोडवता सोडवता खिशातला रुमाल त्याच्या कडेला धरला. गॅस बाहेर येत असेल तर रुमाल उडायला हवा. फुस्स झालं, आणि रुमालाचं टोक आत ओढलं गेलं. झाकण आणि टाकीच्या मध्ये जिभेसारखं अडकलं. पत्रा वाजला, डब्.

मग ती केबिनमध्ये बसली. स्टार्टर तीनदा मारला. तिसऱ्यांदा तापलेलं इंजिन, तसंच तापलेलं, चालू झालं.

तिने ते लगेच बंद केलं आणि बसून राहिली. तिला लेथवाल्याचं दुकान आठवत होतं. पाण्याच्या टाक्यांची झाकणं करणारा साधा माणूस. जुनं झाकण नमुना म्हणून हातात घेऊन त्याने विचारलं होतं, "वर हे बारीक भोक आहे, तेही पाडू ना?" आणि तिने म्हटलं होतं, "मुळीच नको. भोकातून कुणी साखर सोडली म्हणजे? पाणी सोडलं म्हणजे? एकदम बंद पाहिजे." लेथवाल्याने खांदे उडवले होते. तो आठवडा उन्हाचा पहिला, मिस्त्रीकडच्या सर्व्हिसिंगचा, आणि झाकणाचाही. मिस्त्रीने उन्हाला धरलं, तिने मिस्त्रीला धरलं.

रस्त्यावर कुणी नव्हतं. कुणी पाहिलं नव्हतं. झाकणाला गुपचूप भोक पाडून आणलं असतं तर शनिवार हा योगायोग ठरला असता, आणि मिस्त्रीचा जावई खराच असल्यामुळे निम्मं स्टँड तिच्या बाजूने राहिलं असतं. हे तिला गाडी वळवायच्या आत सुचलं होतं. सुचलं होतं हे लपवण्यात अर्थ नाही.

सोमवारी सकाळी ती चहाच्या वेळी गेली. मिस्त्री बाकड्याच्या टोकाला बसला होता, एकटा. बाकीचे जरा सरकून. दोन दिवसांत एकही गाडी त्याच्याकडे गेली नव्हती, हे त्याच्या स्वच्छ हातांवरून दिसत होतं.

"ऐका सगळ्यांनी," ती म्हणाली, आणि तिचा तो आवाज असल्यामुळे पलीकडच्या गल्लीनेही ऐकलं. "मी मिस्त्रींना चोर म्हणाले. गाडी माझ्या झाकणाने बंद पडत होती. झाकणाला हवेचं भोक मीच पाडू दिलं नव्हतं. काल एकटीने जाऊन खात्री केली. मिस्त्रींची काही खोट नाही. संपलं."

एवढं बोलून तिला दम लागला, चढावरच्या गाडीसारखा.  बॉनेटवर बसलेला एक जण म्हणाला, "म्हणजे फौजदारीणबाईंनी शेवटी चोर पकडला. घरातलाच निघाला!"

हशा उसळला. पहिल्यांदाच ते नाव तिच्या तोंडावर उच्चारलं गेलं होतं. तिने त्या माणसाकडे असं पाहिलं की हसू अर्ध्यात गिळून तो खाली उतरला.

"माझं अजून झालं नाही," ती म्हणाली आणि मिस्त्रीकडे वळली. "जावयाने माझी फेरी मागितली होती. हे खरं आहे की नाही?"

 मिस्त्रीने पेला बाजूला ठेवला.

"खरं आहे."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"गेल्या मंगळवारी कळलं. तो कारखान्यात जाऊन आला आणि घरी येऊन सांगितलं. मी म्हटलं, त्या बाईंची गाडी माझ्या हातात आहे, तुला लाज नाही वाटत? तर म्हणाला, तुम्ही कुणाचे सासरे आहात? सहा दिवस झाले, घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. लेकसुद्धा." त्याने कानाची पेन्सिल काढली, परत लावली. "तुमची गाडी दुरुस्त झाली नसती तर जन्मभर सगळे हेच म्हणाले असते. म्हणून तुम्ही आळ घेतलात तेव्हा मी लगेच फेरी मागा म्हटलं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विश्वास ठेवला असता?"

 तिने झाकण त्याच्यापुढे बाकड्यावर ठेवलं. "भोक पाडा."

गॅरेजात ती त्याच्या उजव्या खांद्यापाशी उभी राहिली, नेहमीसारखी. त्याने ड्रिलला दोन मिलिमीटरचं बिट लावलं. तिने ते काढायला लावलं. दीडचं लावलं, तेही तिला मोठं वाटलं. "यातून साखर जाते."

"यातून मुंगी जात नाही, बाई."

"मुंगी साखर आणते."

शेवटी एक मिलिमीटरवर तडजोड झाली, तीही आतून बारीक जाळी लावायच्या अटीवर. पितळेचा पिवळा कीस त्याच्या स्वच्छ तळव्यावर पडला. तिने झाकण उन्हाकडे धरून एका डोळ्याने आरपार बघितलं.

त्या दिवशी बर्फ बारा पन्नासला पोचला. भाड्याची चिठ्ठी घ्यायला ती परत कारखान्यात आली तेव्हा मॅनेजरच्या टेबलापाशी उगाच रेंगाळली.

"तो पांढरी गाडीवाला तुमच्याकडे पहिल्यांदा कधी आला होता? वार सांगा."

मॅनेजरने आठवायला वेळ घेतला. "मंगळवार. हो, मंगळवारच. तुमचा पाचवा उशीर झाला तो दिवस."

तिने मान हलवली.

"का हो, बाई? काही झालं का?"

"काही नाही," ती म्हणाली. "उद्याच्या लाद्या माझ्यासमोर मोजा. मागाहून कमी पोचल्या म्हणाल."